ट्रिपल सीट, बारा वर्षांचं पोर आणि केरळचे ७२६ कॅमेरे

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२८ वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. दुचाकी चालवणाऱ्याने स्वतःशिवाय एकाच माणसाला बसवायचं, तेही आपल्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या सीटवर. बस, एवढंच. त्यात वय नाही, वजन नाही, नातं नाही. नवरा चालवतोय, मागे बायको, दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं पाच वर्षांचं पोर, ही कायद्याच्या लेखी ट्रिपल सीटच. पोर पुढे उभं असेल तर आणखी पंचाईत, कारण ते मागेही नाही आणि सीटवरही नाही. चेतकच्या पुढच्या जागेत उभं राहून, वारा खात आजोळी गेलेल्या माझ्या पिढीचं अर्धं बालपण या हिशेबाने बेकायदेशीर ठरतं.

तरीही असल्या कुटुंबाची पावती फाडलेली फार कमी जणांनी पाहिली असेल. चौकातला हवालदार, ज्याला आपल्याकडे मामा म्हणतात, ट्रिपल सीट पकडतो ती कॉलेजच्या तीन पोरांची. त्यांना बाजूला घेतो, चावी काढतो, लायसन्स मागतो. त्याच मिनिटाला शेजारून आई-बाप-लेकरू जातं, त्याच्याकडे तो बघतही नाही. फारच वर्दळीत असले तर "पोराला नीट धरा हो वहिनी," एवढं म्हणतो. ही वर्गवारी कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. पण ती हवालदाराला ठाऊक असते, चालवणाऱ्याला ठाऊक असते, आणि दोघांनी ती एकमेकांना कधी समजावून सांगितलेली नसते. त्यात चिरीमिरीही असते, माणूस बघून वागणंही असतं, हे नाकारायचं कारण नाही. पण कलम १२८ पस्तीस वर्षं कुणाच्या फारसं डोळ्यांवर आलं नाही, ते याच अलिखित वर्गवारीमुळे.

२०२३ मध्ये केरळने ती काढून टाकली. ठरवून नव्हे. कॅमेरे बसवले, आणि ती आपोआप गेली.

'सेफ केरळ' या प्रकल्पाखाली राज्याच्या मोटार वाहन विभागाने केल्ट्रॉन या सरकारी कंपनीमार्फत ७२६ कॅमेरे उभारले. खर्च सुमारे २३२ कोटी रुपये, तो कंपनीला काही वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचा. त्यातले ६७५ कॅमेरे हे ज्यांना सगळे एआय कॅमेरे म्हणू लागले ते: हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, गाडी चालवताना फोन कानाला, दुचाकीवर दोनापेक्षा जास्त माणसं, हे त्यांनी आपणहून ओळखायचं. उरलेले चुकीचं पार्किंग, लाल सिग्नल तोडणं आणि वेग यांसाठी. २० एप्रिल २०२३ ला मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी तिरुवनंतपुरममध्ये उद्घाटन केलं. लगेच दंड लावायचा नाही, आधी लोकांना कळू द्यायचं, असं ठरलं. मुदत एकदा वाढली आणि अखेर ५ जूनला सकाळी आठपासून दंड सुरू झाला.

कायद्याचा आधार चोख होता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आलं आणि रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवायची तरतूद झाली. २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार कॅमेऱ्याआधी फलक लावायचा आणि गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस पाठवायची. केरळने काही आगळीक केली असं म्हणायला जागा नव्हती. उलट केरळ उच्च न्यायालयाने त्याच जूनमध्ये या कॅमेऱ्यांचं कौतुकच केलं. तब्येतीच्या कारणाने हेल्मेटमधून सूट मागणारे दोघे कोर्टात गेले होते, त्यांना सूट मिळाली नाही.

अडचण आली ती उद्घाटन आणि दंड यांच्यामधल्या त्या दीड महिन्यात. हेल्मेटवरून फार ओरड झाली नाही, सीटबेल्टवरूनही नाही. या गोष्टी चुकीच्या आहेत हे लोकांना मान्यच होतं, फक्त अंगवळणी पडलं नव्हतं. ओरड झाली ती पोराबाळांवरून. एक किंवा दोन मुलं असलेलं, कार न परवडणारं कुटुंब शाळेत, दवाखान्यात, देवळात, चर्चमध्ये, लग्नाला जातं कसं? मोटारसायकलवर. आता त्या फेरीचा भाव ठरला. कलम १९४-क नुसार १,००० रुपये दंड, आणि शिवाय तीन महिने लायसन्स रद्द. २०१९ पूर्वी याच गुन्ह्याला सर्वसाधारण कलम १७७ लागायचं, पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत.

इथे थोडं थांबून हिशेब मांडायला हवा, कारण या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. १०० चे १,००० करताना संसदेसमोर कोणता रस्ता होता? ज्या रस्त्यावर शंभरातला एखादाच पकडला जातो तो. पकडले जाण्याची शक्यता इतकी कमी, म्हणून दंड जबर, म्हणजे निदान धाक तरी राहील. हा व्यवहारी विचार आहे आणि जगभर कायदे करणारे तो करतात. पण दंडाची ती रक्कम हवालदार गृहीत धरून ठरलेली असते. त्याच रस्त्यावर पकडले जाण्याची शक्यता शंभरात नव्वद झाली की तीच रक्कम वेगळ्याच शिक्षेची होते. शाळेच्या वाटेवर दोन कॅमेरे असले तर जाताना दोन आणि येताना दोन. हवालदाराला "आत्ताच मागच्या चौकात फाडली साहेब" म्हणून पावती दाखवता येते आणि तो सोडतो. कॅमेऱ्याला ती दाखवायची कुठे? कायद्यातलं एक अक्षर बदललं नाही, आणि तरी शिक्षा कितीतरी पटींनी वाढली. ही वाढ कुठल्याही सभागृहात मंजूर झाली नव्हती.

राज्याचे तेव्हाचे परिवहन मंत्री अँटनी राजू यांच्यावर दबाव वाढत गेला. राज्याने केंद्राला विनंती केली की दुचाकीवर तिसरं म्हणून बारा वर्षांखालचं एक मूल नेऊ द्या. राज्यसभेतले केरळचे तेव्हाचे खासदार एळमरम करीम यांनीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं, त्यात दहा वर्षांखालच्या मुलांसाठी सवलत मागितली होती. करीम यांना नागपूरकर गडकरींचं उत्तर नकाराचं आलं. दुचाकी दोघांसाठी बनवलेली आहे, सुरक्षिततेत तडजोड नाही, असा त्याचा आशय. मला यात गडकरींचं काही चुकलं असं वाटत नाही. रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल इतकी वर्षं बोलत आलेल्या मंत्र्याने "तिघं बसा" असं लिहून द्यायचं कसं?

पण राजूंचंही चुकलं असं म्हणवत नाही. दंड सुरू व्हायच्या तोंडावर त्यांनी सांगितलं की राज्याच्या विनंतीवर केंद्राचा निर्णय होईपर्यंत बारा वर्षांखालचं मूल तिसरं असेल तर दंड लावणार नाही.

म्हणजे चौकातल्या हवालदाराचं "जाऊ द्या" आता मंत्र्याने जाहीर केलं. फरक लहान वाटतो, पण हवालदाराचं जाऊ द्या एका गाडीपुरतं होतं आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर होती. पाऊस पडतोय, वेग जास्त आहे, पोर झोपेने पेंगतंय असं दिसलं तर तोच हवालदार थांबवू शकत होता. सरकारची सवलत सरसकट आहे. तिच्यात ताशी ७० ने जाणारा बापही बसतो आणि गल्लीतून शाळेत सोडणारी आईही बसते.

शिवाय बारा ही रेघ ओढली, पण ती पाहायची कुणी? यंत्राला तीन डोकी मोजता येतात. त्यातलं एक अकरा वर्षांचं आहे की तेरा, हे एका फोटोवरून, बहुधा हेल्मेट घातलेल्या किंवा आईच्या पाठीमागे अर्धवट लपलेल्या मुलाच्या फोटोवरून, कुणीतरी माणसानेच ठरवायचं. तो माणूस केल्ट्रॉनच्या नियंत्रण कक्षात बसलेला असतो. कॅमेऱ्याने टिपलेलं आधी तिथले कर्मचारी तपासतात, मग मोटार वाहन विभागाचे निरीक्षक मंजूर करतात, मग नोटीस निघते. पहिल्या चार दिवसांचे मंत्र्यांनी सांगितलेले आकडे बघण्यासारखे आहेत. कॅमेऱ्यांनी टिपले सुमारे साडेतीन लाख प्रकार, केल्ट्रॉनने तपासून पुढे पाठवले सुमारे ८० हजार, आणि नोटिसा निघाल्या सुमारे १० हजार. 'स्वयंचलित' म्हणवणाऱ्या यंत्रणेत माणसाची चाळणी इतकी बारीक होती. विवेक वापरणारा माणूस नाहीसा झाला नव्हता, त्याची बदली झाली होती. पूर्वी तो रस्त्यावर होता आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत होती. आता तो पडद्यासमोर आहे, त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि त्याच्यापुढे शेकडो फोटोंची रांग लागलेली आहे.

याच काळातला वायनाडचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. राज्य वीज मंडळाची एक जीप झाडांच्या फांद्या छाटायची लांब काठी टपावर बांधून चालली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तारांवर येणाऱ्या फांद्या काढायचं काम. कॅमेऱ्याने टिपलं आणि दंड आला २०,५०० रुपये. त्यातले ५०० सीटबेल्टचे आणि २०,००० गाडीबाहेर आलेल्या मालाचे. ती तरतूद ट्रकमधून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्यांसाठी आहे, अशा सळ्यांनी मागच्या गाडीतली माणसं मरतात. बांबूची काठी घेऊन जाणाऱ्या लाइनमनला ती कुठल्या हवालदाराने लावली असती असं मला वाटत नाही. मग थोड्याच दिवसांत कल्पेट्ट्यातल्या मोटार वाहन विभागाच्या कार्यालयाचं वीजबिल थकल्याचं मंडळाच्या ध्यानात आलं आणि तिथली वीज तोडली गेली. बिलं सरकारी कार्यालयांची नेहमीच थकतात आणि वीज नेहमीच चालू राहते. म्हणजे इकडेही एक न वापरलेला नियम पडून होता, तो कुणीतरी अचानक अगदी अक्षरशः वापरला. फक्त इथे कॅमेरा लागला नाही, राग पुरला.

आता प्रश्न असा की जो कायदा पस्तीस वर्षं कुटुंबांना लावलाच नाही, तो त्यांच्यापुरता मेला असं म्हणता येईल का? इंग्रजी कायद्याला हे मान्य नाही, तिथे रद्द होईपर्यंत कायदा जिवंत. स्कॉटलंडमध्ये मात्र वापरात नसलेला जुना कायदा मृत मानण्याचं तत्त्व आहे, त्याला डेस्यूट्यूड म्हणतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व भारतात लागू होऊ शकतं असं १९९५ मध्ये मान्य केलं, आणि ते प्रकरण पुण्याचं आहे: पुणे महानगरपालिका विरुद्ध भारत फोर्ज. वाद जकातीचा होता. न्यायालयाने दोन अटी घातल्या. कायदा दीर्घकाळ वापराबाहेर असला पाहिजे, आणि त्याच्या उलटी वहिवाट काही काळ रुळलेली असली पाहिजे.

कलम १२८ या कसोटीवर टिकून राहतं, म्हणजे मरत नाही, कारण ते अधूनमधून वापरलं जातं. कॉलेजच्या त्या तीन पोरांच्या पावत्या त्याला जिवंत ठेवतात. पूर्ण दुर्लक्षित कायदा निदान कोर्टात मृत ठरू शकतो. पण क्वचित वापरला जाणारा कायदा नुसता पडून राहतो, आणि ज्याच्या हाती यंत्र येईल त्याच्या उपयोगी पडायला तयार असतो. 'उलटी वहिवाट रुळली होती' असं त्या बापाने म्हणायचं तर ती वहिवाट नोंदवलेली कुठे आहे? हवालदाराने सोडून दिलेल्या गाड्यांचं रजिस्टर कुणी ठेवत नाही.

परिणामांचं बोलायचं तर दोन्ही बाजूंना हवं ते सापडेल. केरळ पोलिसांच्या आकडेवारीनुसार रस्ते अपघातांतले मृत्यू २०२२ मध्ये ४,३१७ होते, २०२३ मध्ये ४,०८० झाले. अपघातांची संख्या मात्र सुमारे ४४ हजारांवरून ४८ हजारांवर गेली. कॅमेरे त्यातलं निम्मंच वर्ष दंड लावत होते, तेव्हा सगळं श्रेय त्यांना देता येत नाही. पण हेल्मेट आणि सीटबेल्ट अपघात टाळत नाहीत, अपघातातलं मरण टाळतात, हे लक्षात घेतलं तर दोन्ही आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. दोनशे सदतीस माणसं कमी मेली, आणि त्यातली काही या कॅमेऱ्यांमुळे वाचली असणार असं मला वाटतं. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही.

कंत्राटाचं राजकारण मी थोडक्यात आटोपतो. विरोधी पक्षाने भ्रष्टाचाराचे आरोप केले, व्ही. डी. सतीशन आणि रमेश चेन्नितला उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने जून २०२३ मध्ये पुढचा आदेश येईपर्यंत कंपनीला पैसे देऊ नका असं सांगितलं. पुढे पैसे अडत-अडत मिळू लागले, केल्ट्रॉनने कक्षातली माणसं कमी केली, नोटिसा मागे पडल्या. वर सांगितलेली चाळणी माणसांची असते हे इथे पुन्हा दिसतं. पगार थकला की यंत्रही हवालदारासारखंच दुसरीकडे बघायला लागतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात हे नाटक वेगळ्या पात्रांनी चालू आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. बोरघाटात अवजड वाहनांना तेव्हा ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती. ही पाटी तिथे आधीही होती, आणि तिथून रात्री उतरलेल्या कुणालाही ठाऊक आहे की ट्रक तिला किती मानत होते. कॅमेरे आले आणि ट्रकमालकांकडे ई-चलनांची चळत जमली. जुलै २०२५ च्या सुरुवातीला वाहतूकदारांनी राज्यात संप केला, त्यातली मोठी तक्रार ई-चलनांचीच होती. मर्यादा ४० बरोबर आहे की चूक, हा वाद इतकी वर्षं कुणी केला नाही, कारण करायची गरज पडली नव्हती. घाटात ४० ला माझा पाठिंबा आहे, ब्रेक तापलेल्या ट्रकच्या पुढे मीही असतो. पण वाद झाला हे बरं झालं, एवढं म्हणतो.

केरळकडे दुसरे रस्ते होते का? होते. मोटार वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. केरळ विधानसभा कलम १२८ ला राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवू शकत होती. संमती मिळाली असतीच असं नाही, पण 'तिसरं मूल चालेल, या अटींवर' हे आमदारांना सभागृहात उभं राहून, नावानिशी म्हणावं लागलं असतं. मंत्र्याच्या घोषणेत ते टळलं. दुसरा रस्ता तडजोडीच्या रकमेचा, म्हणजे कोर्टात न जाता गुन्हा मिटवायला भरायच्या पैशांचा. कलम २०० खाली ती ठरवायचा अधिकार राज्याकडे आहे, आणि केरळने तो वापरलाही होता. केंद्राने विनाहेल्मेटचा दंड १,००० केला तेव्हा राज्याने तो ५०० वर आणला. कॅमेऱ्याच्या पकडीला साजेसा, पहिल्या वेळी ताकीद आणि मग चढता, असा दर बसवायचा प्रयत्न तरी करता आला असता. केंद्र त्यावर अडलं असतं, पण भांडायला मुद्दा तरी नेमका मिळाला असता.

तिसरा रस्ता केंद्राच्याच नियमांत अर्धा तयार पडलेला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचना निघाली आणि वर्षभराने लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा, मूल नऊ महिन्यांच्या वरचं असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नाही. म्हणजे लहान मूल दुचाकीवर असतं हे सरकारने लेखी मान्य केलेलं आहे, ते कसं बांधायचं हेही सांगितलेलं आहे. फक्त ते बसवलं की आईला खाली उतरावं लागतं, एवढं कुणी लिहिलेलं नाही. हा पट्टा बांधलेलं मूल मी पुण्यात आजवर एकदाच पाहिलं, लक्ष्मी रोडवर. बापाने स्वतः मात्र हेल्मेट घातलं नव्हतं.

आणि एक गोष्ट केरळला फुकट मिळत होती. २० एप्रिल ते ४ जून, दीड महिना कॅमेरे पाहत होते आणि दंड नव्हता. दुचाकीवरचं तिसरं माणूस किती वेळा मूल असतं, कुठल्या तासाला, कुठल्या रस्त्यावर, शाळेच्या वेळेला की रात्री नऊला, हे या देशात कुणी मोजल्याचं मला ठाऊक नाही. मोजायचं यंत्र खांबावर बसवलेलं होतं. शाळेच्या वाटेवर शाळेच्याच वेळेला बहुतेक फोटो निघाले असते तर बसच्या दोन फेऱ्या वाढवायचा विषय परिवहन मंत्र्यांच्याच टेबलावर आला असता. केरळ राज्य परिवहनच्या बसही त्यांच्याच खात्याच्या.